ऊन खायची वेळ

दिल्ली परिसरात मुलाला उन्हात कधी सोडायचं आणि कधी नाही, हे ठरवायला घरात किमान एक निवृत्त सहसचिव असायला हवा. आमच्याकडे तो नाही. नोएडातल्या आमच्या चौदाव्या मजल्यावर मी आहे, बायको आहे, तिसरीतली कन्या आहे आणि दर मे महिन्यात नागपूरहून येणारी माझी आई आहे. उन्हाळ्याला कंटाळून हवापालटासाठी नागपूरहून दिल्लीला जाणारा दुसरा प्रवासी रेल्वेला अजून भेटला नसावा. या चौघांच्या घरात फ्रीजच्या दारावर चुंबकाने एक कागद लटकवलेला आहे. बायको त्याला 'उन्हाचं टाइमटेबल' म्हणते. त्यावर इतकी खाडाखोड झाली आहे की आता चुंबकावरचा प्लंबरचा नंबर तेवढा नीट वाचता येतो.

या कागदाला तीन डॉक्टर जबाबदार आहेत, आणि तिघांनीही तो पाहिलेला नाही.

पहिले त्वचेचे. मसुरीहून आल्यावर कन्येच्या नाकाचं साल निघालं म्हणून त्यांच्याकडे गेलो. "मसुरीत कसलं ऊन, डॉक्टर? स्वेटर घालून फिरत होतो," मी म्हणालो. ते शांतपणे म्हणाले, "कातडी भाजणारे किरण गरम लागत नाहीत. आणि दर हजार मीटर वर चढलात की ते साधारण दहा टक्क्यांनी वाढतात." म्हणजे ऊन चुकवायला आम्ही पेट्रोल जाळून उन्हाच्याच दिशेने दोन हजार मीटर वर गेलो होतो. त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं : दहा ते चार उन्हात नाही. गेलीच तर टोपी, पूर्ण बाह्या, सनस्क्रीन.

मग पाय दुखतात म्हणून मुलांचे डॉक्टर. त्यांनी रक्त तपासलं. 'ड' जीवनसत्त्व तळाला गेलेलं. "हिला उन्हात बसवा. अकरा ते एक."

"सकाळचं कोवळं ऊन नाही का चालणार?"

"कोवळं ऊन कवितेत बरं. सूर्य खाली असताना तुम्हाला हवे ते किरण वातावरणातच अडकतात. माथ्यावर आला की पोचतात."

"पण त्वचेचे डॉक्टर म्हणाले..."

"ते त्वचेबद्दल म्हणाले असतील. मी हाडांबद्दल बोलतोय."

तिसरे डोळ्यांचे. त्यांनी कन्येला भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली, माझ्याकडे एकदा चष्म्यावरून पाहिलं, आणि मोबाईल किती वेळ बघते ते विचारलं. मी छताकडे पाहिलं. "रोज दोन तास बाहेर खेळू द्या. दिवसाउजेडी. नाहीतर लवकरच चष्मा लागेल." त्वचा, हाडं आणि डोळे वेगवेगळ्या वेळी बाहेर पाठवायची काही सोय आहे का, असं विचारणार होतो, तेवढ्यात बायकोने माझा पाय दाबला.

यातला एक जरी डॉक्टर चुकीचा असता तरी आमचं भागलं असतं. पण तिघेही बरोबर आहेत, हीच अडचण आहे.

डॉक्टर एकमेकांशी बोलत नाहीत हे समजण्यासारखं आहे. सरकार तरी एका तोंडाने बोलेल असं वाटलं होतं. एप्रिल २०१८ मध्ये देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने इथेच दिल्लीत 'प्रोजेक्ट धूप' काढला. शाळांनी सकाळची असेंब्ली अकरा ते एकच्या दरम्यान उन्हात घ्यावी, म्हणजे मुलांना 'ड' जीवनसत्त्व फुकट मिळेल, अशी ती योजना. एनसीईआरटी बरोबर, नवी दिल्ली आणि उत्तर दिल्ली महापालिकांच्या शाळा बरोबर. पुढे मे २०२२ मध्ये उष्णतेची लाट आली, आणि केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने सूचना काढल्या : शाळा सातला भरवून दुपारी बाराला सोडा, असेंब्ली छपराखाली किंवा वर्गातच आटपा, टाय सैल करू द्या. एका कागदाप्रमाणे मुलं साडेबाराला मैदानात रांगेत हवीत, दुसऱ्याप्रमाणे ती अर्ध्या तासापूर्वीच घरी निघालेली हवीत. दोन्ही कागद मुलांच्या भल्यासाठीच निघाले. दिल्लीत तर कुठलाच कागद दुसऱ्या कशासाठी निघत नाही.

मी स्वभावाने अभ्यासू आहे, विशेषतः रात्री अकरानंतर. तेव्हा मला २००२ सालचा एक शोधनिबंध सापडला. लंडनहून निघणाऱ्या 'आर्काइव्ह्ज ऑफ डिसीज इन चाइल्डहुड' या नियतकालिकातला. दिल्लीतल्या तान्ह्या आणि रांगत्या मुलांचं रक्त तपासून संशोधकांनी दाखवलं होतं की, प्रदूषणाने झाकोळलेल्या मोरी गेट भागातल्या मुलांमध्ये 'ड' जीवनसत्त्व सरासरी १२.४ नॅनोग्रॅम, आणि स्वच्छ हवेतल्या मुलांमध्ये २७.१. धूर आणि धूळ ते किरण खालीच येऊ देत नाहीत. इथवर सगळं पटलं. मग वाचलं की स्वच्छ हवेचा नमुना म्हणून त्यांनी जो भाग निवडला होता, त्याचं नाव गुरगाव.

मी लगेच गुरगावातल्या मित्राला फोन लावला. "तुमच्याकडची हवा स्वच्छ आहे, असं छापून आलंय."

तो आधी हसला, मग खोकला, आणि त्याचं खोकणं संपेपर्यंत मी तो निबंध वाचून संपवला.

तर मुद्दा टाइमटेबलचा. दहा ते चार मनाई, त्यातलेच अकरा ते एक सक्तीचे, आणि वर दोन तास खेळ. उरलेल्या वेळा पाहू. सकाळी सहा पन्नासला शाळेची बस. दुपारी ती परतते तेव्हा यूव्ही इंडेक्स मे महिन्यात अकराच्या आसपास रेंगाळत असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कोष्टकात अकराच्या पुढे 'अतितीव्र' लिहिलंय आणि मग कोष्टकच संपलंय. पाचला सोसायटीच्या बागेत जावं, तर तिथली घसरगुंडी पत्र्याची. दिवसभर तापलेल्या त्या पत्र्यावर हाफ पँटमधला एक बेसावध मुलगा बसला आणि त्याने मारलेली किंकाळी ऐकून तीन टॉवरचे सिक्युरिटी गार्ड धावत आले. साडेसहानंतर घसरगुंडी निवते, पण तोवर डासांची शिफ्ट सुरू होते आणि ऊन संपतं. हिवाळ्यात सगळंच उलट. ऊन सौम्य, दुपार सोन्याची, आणि हवा अशी की प्रदूषणाचा चौथा टप्पा लागला की शाळाच ऑनलाइन. मग छातीचे डॉक्टर म्हणतात, मुलांना बाहेर काढूच नका. हे चौथे. यांना मी मघाशी मोजलं नव्हतं, कारण फ्रीजवर जागा नव्हती.

शेवटी सनस्क्रीन हाच मधला मार्ग असं ठरलं आणि आम्ही केमिस्टकडे गेलो.

"कौनसा दूँ? थर्टी, फिफ्टी, सेवंटी, हंड्रेड?"

मी तयारीनिशी गेलो होतो. एसपीएफ १५ असेल तर भाजणारे ९३ टक्के किरण अडतात, ३० असेल तर ९७ टक्के, ५० असेल तर ९८. पुढे आकडे फुगतात, फरक फुगत नाही. म्हणजे तीसमध्ये आणि पन्नासमध्ये जेमतेम एक टक्का, आणि किमतीत मात्र चांगले दोनशे रुपये. हे मी बायकोला काउंटरवरच समजावून सांगितलं. ती दिल्लीतच वाढलेली आहे.

"सत्त्याण्णव आणि अठ्ठ्याण्णवात फरक नाही म्हणतोस? या शहरात?"

मी गप्प बसलो. ज्या शहरातल्या श्रीराम कॉलेज ऑफ कॉमर्सने २०११ मध्ये काही विद्यार्थ्यांसाठी शंभर टक्क्यांची कट-ऑफ लावली होती, तिथे 'एक टक्क्याने काय होतं' हे वाक्य बाहेरगावच्या माणसालाच सुचू शकतं. आम्ही पन्नास घेतलं. त्यातही लहान मुलांचं वेगळं. डॉक्टरांनी झिंक ऑक्साइडचं आणा म्हणून सांगितलं होतं. मोठ्यांच्या ट्यूबमध्ये तेच झिंक होतं, पण मुलांच्या ट्यूबवर डायनासोर होता, आणि डायनासोरचे दीडशे रुपये वेगळे पडले. पाठीमागे पीए लिहून पुढे चार अधिक चिन्हं होती.

"ये प्लस क्या है, भैया?"

"जितने ज्यादा, उतना अच्छा, सर."

भाषेच्या पेपरात प्रश्न कळला नाही तर मीही असंच उत्तर लिहीत असे. ती जपानमधून आलेली दुसरी मोजपट्टी आहे, खोलवर शिरणाऱ्या किरणांसाठीची, हे घरी आल्यावर कळलं. एसपीएफचं श्रेय मात्र युरोपाकडे जातं. फ्रान्झ ग्राइटर नावाचा रसायनशास्त्राचा विद्यार्थी १९३८ साली आल्प्समधल्या पिझ बुइन शिखरावर चढताना उन्हाने भाजला आणि १९४६ मध्ये त्याने ग्लेशियर क्रीम काढलं. बर्फात उभा राहून भाजलेला माणूस! त्याला मे महिन्यात दुपारी दोन वाजता सेक्टर अठराच्या पार्किंगमध्ये उभा केला असता, तर सध्याचं सगळं संशोधन आणखी वीस वर्षं आधी झालं असतं.

घरी आल्यावर मी ट्यूबमागचं बारीक अक्षर वाचलं, आणि तिथून आमच्या घराचं बजेट हललं. एसपीएफचा आकडा काढताना प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम क्रीम लावतात. कमी लावलं तर पन्नासाचं पन्नास उरत नाही. आठ वर्षांच्या मुलीचं अंग साधारण एक चौरस मीटर भरतं. गणवेशाबाहेर चेहरा, मान, हात, गुडघे मिळून त्याचा तिसरा हिस्सा. म्हणजे एका वेळी साडेसहा ग्रॅम. दर दोन तासांनी पुन्हा लावायचं, म्हणजे शाळेचा दिवस संपेपर्यंत वीस ग्रॅम. ट्यूब पन्नास ग्रॅमची. सोमवारी उघडली की बुधवारी दुपारी मेली. महिन्याला नऊ-दहा डायनासोर. मी बायकोला म्हटलं, "यापेक्षा शाळेची बस स्वस्त पडते."

"मग तिला बसमध्येच ठेवू या का?"

एवढं क्रीम खरंच लावायचं का, ही शंका मी त्वचेच्या डॉक्टरांना फोनवर विचारली. शिवाय हेही विचारलं की, सनस्क्रीन लावलं तर 'ड' जीवनसत्त्व कसं मिळणार? ते हसले. "काळजी करू नका. सांगितलंय तेवढं क्रीम कुणीच लावत नाही." शास्त्राने माणसाच्या कंजूसपणावर इतका विश्वास टाकलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

लावणं हा स्वतंत्र अध्याय आहे. उन्हात जायच्या वीस मिनिटं आधी लावायचं. बस सहा पन्नासला, म्हणजे साडेसहाला मूल जागं हवं, कोरडं हवं आणि स्थिर हवं. आमची कन्या या तीनपैकी एका वेळी एकच असते. बायको झोपेतच तिला लावायला घेते. झिंकचं क्रीम नुसतं लावून भागत नाही, चोळावं लागतं, आणि चोळायला वेळ नसतो. त्यामुळे बसच्या रांगेत आमची पोरगी रामलीलेतून पळून आलेल्या वानरसेनेतल्या एखाद्या सैनिकासारखी उभी असते. कानामागे, गळ्याखाली, केसांत पांढरं. वर दिल्लीची धूळ. ओलसर क्रीमवर ही धूळ इतक्या प्रेमाने बसते की दुपारी बसमधून उतरलेली मुलगी आपलीच आहे का, हे मी आधी आवाज ऐकून ठरवतो. एकदा मधेच वेगळ्या प्रकारचं, चोळल्यावर न दिसणारं क्रीम आणलं. ते खरंच दिसलं नाही. दिसले ते शनिवारच्या पांढऱ्या गणवेशाच्या कॉलरवरचे पिवळट तांबूस डाग. त्या क्रीममध्ये अ‍ॅव्होबेन्झोन नावाचं द्रव्य असतं, त्याचं पाण्यातल्या लोहाशी जमतं. आणि आमच्या बोअरच्या पाण्यात तर काय जमत नाही!

दुसरा हात शाळेत कोण मारणार, हा प्रश्न होता. बायकोने ट्यूब दप्तरात टाकली. डायरीत शेरा आला : सौंदर्यप्रसाधनं आणू नयेत. मग टोपी दिली. शेरा आला : टोपी गणवेशाचा भाग नाही. त्याच दिवशी मेलबर्नच्या नणंदेचा बायकोला मेसेज आला. तिच्या मुलाच्या शाळेत उलट नियम आहे, टोपी नसेल तर मैदानात खेळता येत नाही, सावलीत बसायचं. तिकडे १९८१ पासून सिड नावाचा एक सीगल पक्षी टीव्हीवर नाचून सांगत आला आहे : शर्ट चढवा, क्रीम थापा, टोपी घाला. बायकोने तो व्हिडिओ वर्गाच्या पालकांच्या ग्रुपवर टाकला. दोन जणांनी नमस्कार केला, एकाने सुप्रभात म्हटलं, आणि एका काकांनी 'मेलबर्नला फ्लॅटचे काय रेट आहेत' असं विचारलं.

एवढ्यात आई नागपूरहून आली आणि सगळी सूत्रं आपल्या हाती घेतली. ट्यूब उचलून तिने वास घेतला, किंमत वाचली आणि पदराने डोळे पुसले.

"याले एवढे पैसे? काय करून राहिले रे तुम्ही? तुले तर मी उन्हात सोडून द्यायची. काय झालं तुले?"

बायकोने माझ्याकडे एक नजर टाकली. काही बोलली नाही, पण तिचं उत्तर सगळ्यांना कळलं. माझा रंग हा आमच्याकडे युक्तिवादात वापरला जातो. मला मात्र सनस्क्रीन लाव असं आजवर घरात कुणीही म्हटलेलं नाही. केस हाताबाहेर गेली असं समजतात.

दुसऱ्या दिवशी आईने कन्येच्या स्कर्टच्या खिशात एक छोटा कांदा टाकला. लू लागू नये म्हणून विदर्भात खिशात कांदा ठेवतात आणि उत्तरेतही ठेवतात. संस्कृतीचा हा धागा मला फार भावला. शाळेला भावला नाही. डायरीत शेरा आला : कृपया बच्चे के साथ कच्ची सब्जी न भेजें।

"सब्जी?" आई म्हणाली. "कांद्याले सब्जी म्हणते ती मास्तरीण?"

आईला सावलीचं गणितही पटेना. कन्या पुस्तकातून शिकून आली होती की, आपली सावली आपल्यापेक्षा आखूड दिसली तर ऊन कडक समजायचं आणि सावलीत जायचं. तिने बागेत सगळ्यांच्या सावल्या मोजायला घेतल्या. "आजी, तुझी सावली तुझ्यापेक्षा छोटी आहे. तू आत जा."

"माझी सावली हमेशाच छोटी असते, बाई. मीच छोटी आहो."

आईचा खरा दुखावा निराळा होता. २९ मे २०२४ ला दिल्लीतल्या मुंगेशपूरच्या स्वयंचलित केंद्राने ५२.९ अंश तापमान दाखवलं. टीव्हीवर मुंगेशपूर, मोबाईलवर मुंगेशपूर. आई नेमकी इथेच होती. नागपूरच्या माणसाला तापमानात दिल्लीने मागे टाकावं? तिने रात्री जेवण टाकलं. मग त्याच आठवड्यात नागपूरच्या रामदासपेठेतल्या केंद्राने ५६ अंश दाखवून बदला घेतला, आणि आई दोन पोळ्या जास्त जेवली. पुढे हवामान खात्याने सांगितलं की मुंगेशपूरचा सेन्सर तीन अंश जास्त दाखवत होता आणि नागपूरचाही सेन्सर बिघडलेलाच होता. "मुंगेशपूरचा बिघडला असंन," आई म्हणाली. नागपूरच्या सेन्सरबद्दल तिने आजपर्यंत एक शब्द ऐकून घेतलेला नाही.

कांदा बंद झाल्यावर आईने डाळीचं पीठ, हळद आणि साय काढली. शाळेतून आल्यावर रोज लेप. मी विचारलं, "हे ऊन लागू नये म्हणून?"

"ऊन लागलं ते उतरायले." मग आवाज खाली घेऊन, "किती काळी होऊन राहिली रे पोरगी."

आणि गाडी एकदाची मूळ स्टेशनवर आली. मला हे सोसायटीच्या बागेत आधीच कळायला हवं होतं. तिथे एकच कडुनिंब आहे, त्याखाली एकच बाक आहे, आणि संध्याकाळी त्यावर या विषयातलं सर्वोच्च न्यायालय बसतं. बोलणं सुरू होतं ओझोनपासून. मग कॅन्सर, मग यूव्ही इंडेक्स, मग कुणाच्या तरी जाऊबाईंच्या कोरियन क्रीमपर्यंत. पाचव्या मिनिटाला कुणीतरी म्हणतं, "हमारी वाली तो पूरे दो शेड डार्क हो गई," आणि सगळ्या जणी ओझोन सोडून तिच्या मुलीकडे वळतात. मुलगी सहा वर्षांची. तिला त्या वेळी फक्त तो लाल झोपाळा हवा असतो. २०२० साली फेअर अँड लव्हलीचं नाव बदलून ग्लो अँड लव्हली झालं, आणि बाकावरच्या बायकाही आता 'गोरी' म्हणत नाहीत, 'ग्लो' म्हणतात. ट्यूब बदलत नाही.

विनोद असा की ज्या काळ्या रंगाची एवढी धास्ती, तोच या सगळ्यात थोडंफार काम चोख करत असतो. बॉस्टनच्या फिट्झपॅट्रिक नावाच्या त्वचातज्ज्ञाने १९७५ मध्ये कातडीचे प्रकार पाडले, ते आधी चारच होते, उन्हात गोऱ्यांचं काय होतं हे पाहायला. सावळे आणि काळे प्रकार नंतर जोडले. मेलॅनिनवाल्यांची तातडी कमी होती म्हणून असेल. याचा अर्थ सावळ्याने क्रीम लावू नये असा नाही. साल माझ्याही नाकाचं निघालं होतं मसुरीत, फक्त ते कुणी पाहिलं नाही. पण बाकावर हे सांगून पाहिलं तर शेजारच्या भाभी म्हणाल्या, "भाईसाब, आपको क्या टेन्शन? आपकी बेटी तो मम्मी पे गई है." या वाक्यावर मी खूश व्हावं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्याच बाकावर एक चार महिन्यांचं बाळ यायचं. त्याच्या आईने त्याला सनस्क्रीन थापायला घेतलं तेव्हा माझ्या बायकोने अडवलं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला क्रीम नाही, सावली आणि सैल सुती कपडे, बस्स. तिला हे डॉक्टरांनी नीट बजावून सांगितलेलं. बाळाच्या आईने ट्यूब मिटली. बाळाच्या आजीने लगेच पिशवीतून मोहरीच्या तेलाची बाटली काढली, बाळाला वरून खालपर्यंत चोपडलं आणि नेमकं बाकाच्या उन्हातल्या टोकाला ठेवलं. बायको काही बोलणार तोच माझी आई म्हणाली, "बरोबर करून राहिली ती," आणि दोन्ही आज्यांची त्या दिवशी कायमची मैत्री झाली. एकीला मराठी येत नाही, दुसरीला पंजाबी. सुनांविषयी बोलायला त्यांना त्याची गरजही पडत नाही.

डिसेंबरात ही सगळी माणसं बदलतात. मे महिन्यात छत्री उघडून दूध आणायला जाणारे लोक चटई, संत्री, भुईमुगाच्या शेंगा, विणकाम आणि म्हातारे वडील घेऊन अकरा वाजता लॉनवर उतरतात आणि तीनपर्यंत हलत नाहीत. पण आमच्या सोसायटीत टॉवर पंचवीस मजल्यांचे. हिवाळ्याचा कलता सूर्य त्यांच्या मधल्या फटीतून खाली येतो आणि लॉनवर उन्हाचा एक लांबट पट्टा पडतो, फार तर दोन बॅडमिंटन कोर्टांएवढा. तो पट्टा ए टॉवरच्या पायथ्यापासून निघून सी टॉवरच्या पार्किंगपर्यंत सरकतो, आणि त्याच्यामागे अख्खी सोसायटी सरकते. दर दहा मिनिटांनी कुणीतरी न बोलता उठतं, चटई दोन फूट ओढतं, पुन्हा बसतं. शेंगांची टरफलं आधीच्या जागी राहतात, त्यावरून सकाळपासून सूर्य कुठून कुठे गेला ते कळतं. दुपारी एकच्या सुमारास पट्टा गाड्यांवर चढतो, आणि मग दोन गाड्यांच्या मधे खुर्ची घालून बसलेल्या निवृत्त इंजिनियरांना हॉर्न वाजवून उठवायचं की नाही, यावर रोज नवा तंटा.

यंदा मी कन्येला घेऊन रविवारी बरोबर अकराला उतरलो. मुलांच्या डॉक्टरांचा नियम, हातपाय उघडे. पट्ट्यात पाय ठेवायला जागा नव्हती. एका कोपऱ्यात कशीबशी तिला बसवली, तोच लिफ्टमधून बायको ट्यूब घेऊन धावत आली.

"अगं, ऊन मिळावं म्हणूनच बसवलंय ना तिला?"

"मग मिळू दे की. क्रीम लावून मिळू दे."

ती क्रीम चोळत असताना मागून आवाज आला. "बहनजी, आपकी बेटी की छाया हमारे पिताजी पर पड़ रही है."

एका माणसाने दुसऱ्यावर सावली टाकल्याची तक्रार लेखी द्यायची वेळ आल्यावर एओए जागी झाली. आमच्याकडे फ्लॅटमालकांच्या कमिटीला एओए म्हणतात, आणि तिचे सेक्रेटरी खरोखरच निवृत्त सहसचिव आहेत. त्यांनी तीन दिवसांत परिपत्रक काढलं. उन्हाच्या पट्ट्याचे टॉवरवार स्लॉट : ए टॉवर दहा पन्नास ते साडेअकरा, बी टॉवर साडेअकरा ते बारा दहा, सी टॉवर त्यानंतर. तान्ही बाळं आणि सत्तरीपुढच्यांना सवलत, ओळखपत्र सोबत ठेवावं. संत्र्याच्या साली आपापल्या मजल्यावर न्याव्यात. आमचा बी टॉवर, त्यामुळे बायकोने फ्रीजवरचा जुना कागद काढून टाकला आणि परिपत्रक लावलं. पहिल्याच रविवारी बारा वाजून पाच मिनिटांपर्यंत ऊन लख्ख होतं. सी टॉवरची मंडळी चटया घेऊन रांगेत उभी राहिली, बारा दहा झाले, आणि दाट धुकं उतरलं.

संध्याकाळी सेक्रेटरींकडे सी टॉवरचा अर्ज गेला. वाया गेलेल्या स्लॉटच्या बदल्यात पुढच्या रविवारी दुप्पट ऊन मिळावं, किंवा मेंटेनन्समध्ये तेवढी सूट.